दार उघडायचं नाही

शारजात शुक्रवारी शाळा बंद असतात आणि दुबईत शुक्रवारी ऑफिसं चालू असतात. राहायला शारजा आणि नोकरीला दुबई अशी वाटणी केलेल्या हजारो घरांना या फरकाची काहीतरी सोय लावावी लागते. कुणी मुलांना शेजारी ठेवतं, कुणी शिकवणीला पाठवतं. शोभना आणि शैलेंद्र बराच काळ आपल्या मुलीला, इराला, दुबईतल्या ऊद मेथाला तिच्या मैत्रिणीकडे सोडत असत. ती मैत्रीण सहकुटुंब अबू धाबीला गेली आणि ती सोय संपली. इराला नुकतं बारावं लागलं होतं. तिला शुक्रवारी घरीच ठेवायचं ठरलं, आणि त्यासाठी शोभनाने नियम केले.

दार आतून लॅच लावून बंद. पडदे ओढलेले. बेल वाजली किंवा कुणी दार ठोठावलं तर टीव्ही म्यूट करायचा, जागचं हलायचं नाही, ओ द्यायची नाही. डिलिव्हरीवाला असो, बिल्डिंगचा वॉचमन असो, नाहीतर समोरच्या ६०२मधले वॉल्टर अंकल असोत.

"इव्हन वॉल्टर अंकल?" इराने विचारलं होतं.

"इव्हन वॉल्टर अंकल. एकाला सूट दिली की नियम राहत नाही."

इरा शुक्रवारी एकटी असते हे शोभनाने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते चार ठिकाणी जाणार, हा तिचा हिशोब होता. त्यामुळे शेजारपाजारी सगळ्यांच्या समजुतीत इरा अजून ऊद मेथालाच जात होती.

शारजातल्या कासिमियातली त्यांची बिल्डिंग खाली असलेल्या बेकरीवरून ओळखली जाते. आठ मजले, एका मजल्यावर चार घरं, एकच जिना, एक लिफ्ट. मागच्या बिल्डिंगमध्ये आणि हिच्यात एक गाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. समोरच्याच्या टीव्हीवर कोणती मालिका चालू आहे ते इकडच्या बेडरूममध्ये ऐकू येतं.

त्या शुक्रवारी सकाळी पाचव्या मजल्यावरच्या एका घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला. अलार्म वाजला. तो इथे नेहमीच वाजतो. कुणाकडे फोडणी जास्त झाली की वाजतो आणि वॉचमन तो बंद करतो. म्हणून सुरुवातीला फारसं कुणी हललं नाही. धूर जिन्यात आला तेव्हा लोक बाहेर पडले.

वॉल्टर एका हॉटेलात रात्रपाळीला फ्रंट ऑफिस सांभाळतो. मूळचा वसईचा. बायको रोझलिन कामावर, मुलगा प्रेस्टन शिकायला पुण्यात. घरात तो एकटाच झोपला होता. वासाने जागा झाला, टॉवेल ओला करून तोंडाला बांधला आणि बाहेर आला. सरळ खाली पळाला नाही. आपल्या मजल्यावरची दारं त्याने एकेक करून ठोकली. ६०१मधल्या म्हाताऱ्या सिरियन जोडप्याला हाताला धरून जिन्याशी आणलं. ६०३मधली मल्याळी बाई बाळ घेऊन आधीच निघाली होती. ६०४वर त्याने दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या, "शैलेंद्र, वहिनी" अशा हाका मारल्या. आतून काही आलं नाही. दोघं ऑफिसला, इरा ऊद मेथाला, असं मनाशी म्हणत तो म्हाताऱ्यांना घेऊन खाली उतरला.

दाराच्या आत, हातभर अंतरावर, इरा श्वास रोखून उभी होती. तिने आवाज ओळखला होता. नियमसुद्धा तिला पाठ होता.

सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाची, गाडी लवकर आली, पण बिल्डिंगसमोरच्या रस्त्याच्या तोंडाशी अडकली. तिथे एक पिकअप आणि एक सेडान दुहेरी लावलेल्या होत्या. काचेमागे मालकाचा नंबर लिहिलेला कागद होता, तसा इथे सगळेच ठेवतात. वॉचमनने नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली.

शेजारच्या वाळूच्या मोकळ्या प्लॉटवर दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजापूर्वी क्रिकेट चालतं. दोन्ही टीम बॅटी टाकून धावत आल्या. पुढे होता अक्रम. हा फैसलाबादचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा, आणि मागच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा.

"पहले सेडान," तो म्हणाला. "सब नीचे से पकड़ो. यल्ला, बिस्मिल्ला."

सेडान उचलली, फुटपाथवर ठेवली. पिकअप जड होती. ती पूर्ण उचलली जाईना, तेव्हा त्यांनी तिचा मागचा भाग हलवून हलवून भिंतीकडे सरकवला आणि तसाच धरून ठेवला. ड्रायव्हरने बंब त्यांच्या पाठींना हवा लागेल इतक्या जवळून आत घातला. आरशाला खरचटलंसुद्धा नाही.

"मेरी शर्ट भी प्रेस कर दी इसने," मागून कुणीतरी म्हणालं.

पुढचं काम सिव्हिल डिफेन्सच्या जवानांनी ज्या पद्धतीने केलं ते बघण्यासारखं होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. होज उलगडली, मास्क चढले, अधिकाऱ्याने दोन बोटं दाखवली आणि पहिली जोडी जिन्यात गेली. अधिकारी स्वतः खाली थांबून मजल्यामजल्याची चौकशी करत होता. कोण बाहेर आलं, कोण राहिलं. त्याला हिंदी चांगलं येत होतं.

"छठा?"

"सहावा पूर्ण रिकामा, सर," वॉल्टर हिंदीत म्हणाला. "६०४ला कुणी नाही. मी स्वतः ठोकून आलोय."

अधिकाऱ्याने मान हलवली. तेवढ्यात वॉल्टरचा फोन वाजला. शोभना बर दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेला धुराचा व्हिडिओ तिने डेस्कवर बसून पाहिला होता. इराकडे फोन नव्हता, टॅबलेट होता. बिल्डिंगची वीज तोडल्यावर वायफाय गेलं आणि टॅबलेटवरचा कॉल लागेना. शैलेंद्र जबल अलीच्या गोदामात होता, तिथून यायला त्याला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागणार होता. फोन लावला तेव्हा ती टॅक्सीत बसलेली होती.

"वॉल्टर, इरा तुमच्याबरोबर आहे ना?"

"इरा? वहिनी, ती ऊद मेथाला नाही का?"

"नाही. ते बंद झालं. ती घरी आहे."

"मी दार ठोकलं. बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. आतून चकार शब्द नाही."

"नाहीच येणार. मीच सांगितलंय तिला. कुणी कितीही ठोकलं तरी ओ द्यायची नाही. तुम्ही ठोकलंत तरी."

"मीपण?"

"तुम्हीपण. वॉल्टर, मागाहून काय बोलायचं ते बोला. आता तिला काढा."

वॉल्टर अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. "सर, मी चुकीचं सांगितलं. ६०४मध्ये मुलगी आहे. बारा वर्षांची. एकटी."

अधिकाऱ्याने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. "खिडकी किधर?" एवढंच विचारलं.

"पीछे की गली में," अक्रम मध्येच म्हणाला. "बिल्कुल मेरे कमरे के सामने, सर. छठा माला."

मागच्या गल्लीत शिडीची गाडी शिरणं शक्य नव्हतं. जायचं तर जिन्याने, पाचव्या मजल्यावरची आग ओलांडून. अधिकाऱ्याने रेडिओवरून वरच्या जोडीशी बोलून घेतलं, दुसरी जोडी तयार केली आणि वॉल्टरला थोडक्यात सांगितलं. दरवाजा तोडून ते आत जातील. पण मुलीने त्याआधी घाबरून स्वतः दार उघडलं तर कॉरिडॉरमधला सगळा धूर तिच्या अंगावर येईल. आणि तुटण्याच्या आवाजाने ती कपाटात किंवा पलंगाखाली लपली तर त्या धुरात तिला शोधायला वेळ जाईल. मुलं लपतात. त्यांनी अशी मुलं पाहिली होती. "उससे बात करो," तो म्हणाला, आणि खल्फान नावाच्या एका तरुण जवानाला रेडिओ देऊन त्यांच्याबरोबर पाठवलं.

अक्रमच्या खोलीत चार पलंग होते. तिघं एकमेकांना ढकलत खिडकीशी गेले. समोर ६०४ची बेडरूम. काच बंद, पडदा ओढलेला.

"इरा," वॉल्टरने हाक मारली. "इरा, वॉल्टर अंकल आहे. पडदा काढ."

पडदा हलला नाही. खाली पंप चालू होता, सायरन वाजत होते. त्याने पुन्हा हाक मारली. शोभना फोनवर ऐकत होती.

"नाही काढणार ती," शोभना म्हणाली. "मला बोलू द्या."

वॉल्टरने फोन स्पीकरवर टाकून खिडकीबाहेर धरला. तो आवाज गल्लीच्या मध्यापर्यंतही पोचला नसता. अक्रम पलंगाखाली वाकला आणि एक मोठा काळा ब्लूटूथ स्पीकर ओढून काढला. मॅचला गाणी लावायला तो आणलेला होता. आज चार्ज करायला घरीच राहिला होता. वॉल्टरचा फोन त्याला जोडताना दोघांचीही बोटं चुकत होती. खल्फानने फोन हातात घेतला आणि शांतपणे जोडून दिला.

"इरा, आई बोलतेय. पडदा सरकव."

शोभना हळू बोलणाऱ्यांतली. मंडळाच्या सभेतसुद्धा तिला माईक दिला की ती तो शेजारणीकडे सरकवते. तिचा आवाज आता गल्लीभर घुमला. खाली होज धरून उभे असलेले, बेकरीच्या दारातले, प्लॉटवर जमलेले, सगळे वर बघायला लागले.

पडदा तसाच.

"इरा, मी तीन म्हणायच्या आत पडदा सरकला पाहिजे. एक."

खाली पंपाचा आवाज.

"दोन."

पडदा सरकला. चष्मा घातलेला एक छोटा चेहरा काचेमागे दिसला. अक्रम स्वतःशीच हसला. "अम्मी सबकी एक ही होती है," तो म्हणाला.

इराने काच उघडली. "आई? वेअर आर यू?"

"टॅक्सीत आहे. येतेय. तुला लागलंय का कुठे?"

"नो. बट देअर इज स्मोक अंडर द मेन डोअर. आय वोअर माय शूज. आय ॲम गोइंग डाउन, ओके?"

शोभनाच्या तोंडून "ये" निघणार होतं. खल्फान आधीच नकारार्थी मान हलवत होता. "ला, ला. दरवाज़ा बंद."

"वहिनी, खाली नाही यायचं," वॉल्टर घाईने म्हणाला. "जिन्यात काळोख झालाय धुराने. दार बंदच राहिलं पाहिजे."

"इरा, मेन डोअर उघडायचं नाही," शोभना म्हणाली. आठवड्याआठवड्याला म्हटलेलं हे वाक्य तिने पुन्हा म्हटलं. "बाथरूममधले टॉवेल ओले कर. एक मेन डोअरच्या फटीत. बेडरूममध्ये ये, ते दार लाव, त्याच्या फटीत दुसरा. कडी लावू नकोस. मग खिडकीशी ये."

इरा गेली. खिडकी रिकामी राहिली. टॅक्सीतून शोभना "आली का" विचारत होती, आणि वॉल्टर "येईल" म्हणत होता. ती आली तेव्हा खोकत होती आणि बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. खल्फानने अंगठा वर केला. तिनेही केला.

यानंतरची वाट पाहणं अवघड होतं. आग आटोक्यात येत होती, पण सहाव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये धूर साचलेला होता. दुसरी जोडी जिन्यात होती. रेडिओवर अरबीत तुटक बोलणं येई, खल्फान ते हिंदीत सांगे, वॉल्टर ते मराठीत फोनवर सांगे, आणि शोभना ते इराला सांगे. काय बोलावं सुचेना तेव्हा ती रस्ता सांगत होती. आता मुल्ला प्लाझा गेला. आता अल नहदाचा पूल आला. आता सिग्नल लागलाय. खाली जमलेल्यांपैकी कितीतरी जण तोच रस्ता रोज तुडवणारे. भाषा कळत नव्हती तरी ठिकाणांची नावं ऐकून ते तिच्याबरोबर चालले होते.

"झोप, पाणी, सगळं झालंय ना? सकाळचं दूध प्यायलीस?"

"आई, सीरियसली?"

खाली दोघं-तिघं हसले. दूध एवढं त्यांनाही कळलं असावं.

मग रेडिओवर वाक्यं भराभर यायला लागली. खल्फान वॉल्टरकडे वळला. "वो लोग दरवाज़े पे हैं. अभी तोड़ेंगे. लड़की खिड़की पे रहे. छुपना नहीं. आवाज़ देती रहे. जल्दी."

वॉल्टरने फोनवर सांगायला सुरुवात केली. शोभनाने अर्धं ऐकलं, "काय तोडणार?" विचारलं. वॉल्टरने पुन्हा सांगितलं. खल्फानने हाताने नाही नाही केलं. "बहुत टाइम. आप खुद बोलो."

हे शोभनाला ऐकू गेलं. वॉल्टरला समोरची मुलगी दिसत होती, हिला दिसत नव्हती. मग स्पीकरवर तिचा आवाज आला.

"इरा, नीट ऐक. आता मी बोलणार नाही. आता वॉल्टर अंकल बोलतील. ते म्हणतील ते करायचं. मी सांगितलं होतं त्याच्या उलट असलं तरी करायचं. कळलं?"

"ओके."

आणि ती खरंच बोलायची थांबली.

"इरा," वॉल्टर पूर्ण आवाज काढून म्हणाला, "आता दार तुटेल. मोठा आवाज होईल. ते आपले लोक आहेत. तू घाबरून..."

त्याचं वाक्य पुरं होण्याआधी पहिला घाव पडला. लोखंडावर लोखंड. दुसरा घाव पडला आणि इरा खिडकीतून नाहीशी झाली.

कुणीतरी दार फोडून घरात शिरतंय, याच भीतीसाठी तर ते सगळे नियम होते. बारा वर्षांचं पोर त्या आवाजाला काय करणार? खल्फान रेडिओवर काहीतरी वेगाने म्हणाला. समोरच्या खिडकीतून आता धूर बाहेर यायला लागला होता, आधी पातळ, मग करडा. दार तुटलं होतं आणि बेडरूमचं दार कुणीतरी उघडलं होतं. बहुधा इरानेच, लपायला जागा शोधताना.

स्पीकर चालू होता. त्यातून फक्त टॅक्सीच्या इंजिनाचा आवाज येत होता, आणि कुणाचा तरी श्वास.

"चुप," अक्रम खिडकीतून खाली ओरडला. "सब चुप. पाँच मिनट कोई नहीं बोलेगा."

गल्लीतला गलका बसला. खालच्या जवानांपैकी एकाने हात वर केला आणि गाड्यांचे सायरन एकेक करून थांबले.

"इरा," वॉल्टर म्हणाला. आता त्याला ओरडावं लागत नव्हतं. "तू कुठे आहेस ते मला दिसत नाहीये. त्या माणसांनाही दिसत नाहीये. ते दोघं आहेत. तोंडावर मास्क आहे, छातीवर दिवा आहे. त्यांना मी पाठवलंय. मघाशी मी दार ठोकलं तेव्हा तू ओ दिली नाहीस, ते बरोबर केलंस. आता मी हाक मारतोय. आता ओ दे."

काही नाही.

"इरा. ओ दे, बाळा."

समोरून, खिडकीच्या खाली कुठूनतरी, दबका आवाज आला. "आय ॲम हिअर."

"मोठ्याने. त्यांना ऐकू जाऊ दे."

"आय ॲम हिअर. आय ॲम हिअर." ती ओरडत राहिली. मध्ये खोकली, पुन्हा ओरडली. मग धुरात एक पिवळा दिवा हलला, खाली वाकला, आणि तिचा आवाज मध्येच थांबला.

खल्फानच्या रेडिओवर दोन शब्द आले. त्याने डोळे मिटून उघडले. "खलास, हो गया. मिल गई. मास्क लगा दिया."

"शोभना," वॉल्टर म्हणाला. वहिनी म्हणायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. "मिळाली. त्यांच्याकडे आहे. खाली आणतायत."

स्पीकरवर हुंदका आला आणि तो सगळ्या गल्लीने ऐकला. मग कॉल तुटला. तिने तोडला की बॅटरी गेली, कळलं नाही.

जवान तिला घेऊन आले तेव्हा त्यांच्यापैकी एकाने तिला उचललं होतं आणि दुसऱ्याने तिचा मास्क हाताने घट्ट धरलेला होता, सगळा जिना उतरेपर्यंत. अँब्युलन्सच्या पायरीवर तिला बसवल्यावर दोघांनी स्वतःचे मास्क काढले. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. बेकरीवाल्याने पाण्याच्या बाटल्यांचं खोकं फोडून पुढे केलं. एकेक बाटली त्यांनी डोक्यावर ओतली, एकेक प्यायली, आणि नवीन सिलिंडर लावून पुन्हा वर गेले. प्रत्येक घर आतून बघून झाल्याशिवाय ते परतणार नव्हते. ६०१ रिकामं, ६०२ रिकामं, असं रेडिओवर येत राहिलं. कुणाच्या सांगण्यावर आता ते विसंबले नाहीत.

वॉल्टर अँब्युलन्सजवळ येऊन उभा राहिला. "मीपण?" असं तो मघाशी शोभनाला रुसून म्हणाला होता, ते त्याला आठवलं आणि हसू आलं.

शोभना आली ती चालत. पोलिसांनी रस्ता लांबूनच बंद केला होता, टॅक्सी तिथेच सोडावी लागली. तिथे ताणलेल्या पट्टीपाशी बघ्यांची दाट गर्दी होती आणि तरुण पोलिसाने तिला हाताने अडवलं. "नो, मॅडम. क्लोज्ड."

"माझी मुलगी आत आहे," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, दुसरी कुठली भाषा त्या वेळी तिला सुचली नाही.

पुढे उभ्या असलेल्या क्रिकेटवाल्यांपैकी एकाने मान वळवली. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. "यही है," तो शेजारच्याला म्हणाला. "वही आवाज़ है. माँ है उसकी." मग तो पोलिसाकडे वळून मोडक्या अरबीत काही बोलला. दुसऱ्याने पट्टी वर उचलली. गर्दी बाजूला होत गेली. पुढच्यांना काही सांगावं लागलं नाही.

इरा अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून बसली होती. चष्म्याची एक काच काजळली होती. शोभनाने तिचे हात पाहिले, कान पाहिले, केसांचा वास घेतला आणि मग तिच्या शेजारी बसली. नर्सने फक्त एक मिनिट मास्क काढायची परवानगी दिली.

"यू स्टॉप्ड टॉकिंग," इरा म्हणाली.

"हो."

"आय थॉट कॉल कट झाला."

"नाही," शोभना म्हणाली. "मी ऐकत होते."